फवारणीच्या औषधाची बाधा होऊन दीड महिना झाला; स्नायूंची ताकद परत येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झाली, पाच दिवस दवाखान्यात राहून बरे होऊन घरी आले, आणि आता दीड महिन्यानं चालताना पाऊल अडखळतं, चप्पल पायातून निसटते, पोटऱ्या बारीक झाल्यात. स्नायू कायमचे गेले का, आणि व्यायाम कोणता करून घ्यावा? शेवटी लिहिलंय, "घरातले म्हणतात, त्यांनी हाय खाल्लीय." खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. बाकीचं जमेल तसं.

हाय खाल्ल्यानं चप्पल निसटत नाही. हे मी सात वर्षं माझ्या थोरल्या भावाला सांगतोय.

सात वर्षांपूर्वी फवारताना माझा पाठीवरचा पंप गळका होता. सकाळपासून पाठ आणि मांड्या ओल्या होत होत्या, मला वाटलं घाम. दुपारी नजर धूसर झाली, तोंडाला पाणी सुटायला लागलं, मग उलट्या आणि जुलाब. ते सगळ्यांना माहीत असतं. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मांडीच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. दुखत नव्हतं, मी पाय हलवतही नव्हतो, मांस आपलं आपणच फडफडत होतं. मग पापणी, मग दंड, मग पोटऱ्या.

स्नायूला हुकूम पोचवायला नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि काम झालं की एक एन्झाइम, ॲसिटिलकोलिनेस्टरेज, ते लगेच साफ करतं. हे औषध त्या एन्झाइमलाच जाऊन चिकटतं. मग बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं. आधी स्नायू नुसता फडफडत राहतो आणि मग हुकूम ऐकायचाच बंद होतो, लुळा पडतो. किडीच्या शरीरातही ते याच एन्झाइमला चिकटतं.

दवाखान्यात ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तोंड कोरडं, छाती मोकळी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या मोठ्या. मी उशीला टेकून गप्पा मारत होतो. दादानं डिस्चार्ज कधी म्हणून विचारूनही झालं. इथेच सगळे फसतात. ॲट्रोपिन लाळ, घाम, छातीतला कफ आणि हृदयाचे ठोके सांभाळतं. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पेशंट कोरडा झाला म्हणजे बरा झाला, असं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला मान उचलायला गेलो आणि उचललीच नाही. दुखत नव्हती, जड नव्हती, नुसती माझी राहिली नव्हती. बोलणं नाकातून यायला लागलं. सिस्टरला सांगितलं तर तिनं हातातलं काम टाकलं आणि म्हणाली, एका श्वासात आकडे म्हणा. बावीसपर्यंत गेलो.

दादा शेजारीच होता. त्यानं हात पुढे केला, "धर." मी धरला, चांगला घट्ट. "बघा सिस्टर, हाताला एवढी ताकद आहे. मग मान का उचलत नाही? घाबरलाय नुसता. जोर लाव रे!" मी जोर लावला. काही झालं नाही. तासाभरानं आकडे चौदावर आले, मग नऊवर. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा तोवर अगदी छान दिसत होता. नऊला डॉक्टर आले आणि घशात नळी घातली.

नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होतो. नळीपुरतं झोपेचं औषध दिलं होतं, ते उतरल्यावर पूर्ण शुद्धीत. हे लोकांना कळत नाही. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा हलत नाही, म्हणून समोरचे असं बोलतात की जणू माणूस तिथे नाहीच. दादा मामांना सांगत होता, "विष उतरलंय हो, ह्यानंच हाय खाल्लीय." त्याचा हात माझ्या हाताजवळ होता. बोटं हलत होती माझी. मी त्याच्या तळव्यावर लिहिलं, "ऐकू येतंय."

तो उठून बाहेर गेला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. पण कुठल्याही कार्यात विषय निघाला की आजही तेच: हाताची पकड घट्ट होती, मग मान कशी उचलत नव्हती?

तर दादा, असं असतं. 1987 साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएड्डे या डॉक्टरांनी असे दहा पेशंट नोंदवले आणि या प्रकाराला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हटलं, म्हणजे पहिला झटका आणि उशिरा येणारा त्रास यांच्या मधला. बाधेनंतर साधारण 24 ते 96 तासांत, पेशंट सुधारतोय असं वाटत असतानाच तो येतो. मान पुढे उचलणारे स्नायू, खांदे, मांड्यांचे वरचे स्नायू, चेहरा, गिळणं आणि श्वास यांवर त्याचा घाला. मनगट आणि बोटं बरीचशी वाचतात. म्हणजे पकड घट्ट असणं हा नाटकाचा पुरावा नव्हता, ते या आजाराचंच लक्षण होतं. माझ्या नसेला विजेचे लागोपाठ झटके देऊन तपासलं होतं, तेव्हा प्रत्येक झटक्याला स्नायू आधीपेक्षा कमी उडत होता. विजेच्या झटक्याला हाय खाता येत नाही.

नळी निघाली तरी मान सगळ्यात शेवटी आली. घरी आल्यावर महिनाभर केस विंचरता येत नव्हते, खाली बसलो तर उठवायला माणूस लागायचा. पण आलं सगळं परत. या प्रकारात वेळेत श्वास सांभाळला गेला तर बहुतेकांचं येतं.

आता तुमचे वडील. त्यांचा प्रकार माझ्यासारखा वाटत नाही, म्हणून माझ्या अनुभवावर भरवसा ठेवून बसू नका. दोनतीन आठवड्यांनंतर आधी पोटऱ्यांत गोळे किंवा पावलांना मुंग्या, मग पाऊल लोंबणं, मग पोटऱ्या झिजणं, हे उशिरा येणाऱ्या न्यूरोपॅथीशी जास्त जुळतं. त्यात मूळ दुखणं स्नायूचं नसतं, त्याला हुकूम पोचवणाऱ्या लांब नसांचं असतं. नस टोकाकडून खराब होत येते, म्हणून सुरुवात पावलापासून. स्नायू बिचारा हुकूम नाही म्हणून वाळतो. यातलं एन्झाइमही वेगळं. 1930 मध्ये अमेरिकेत जमैका जिंजर नावाच्या पेयात याच कुळातलं एक रसायन मिसळलं गेलं होतं, ते कीटकनाशकही नव्हतं, आणि हजारो लोकांचे पाय असेच लोंबले. त्या सगळ्यांनी मिळून हाय खाल्ली होती का, हे तुमच्या घरच्यांना विचारा.

ताकद परत येते का? नसांना महिने लागतात, कधी वर्षही. काहींचं बरंच भरून येतं. काहींच्या पायांत नंतर ताठरपणा राहतो, कारण मज्जारज्जूलाही इजा झालेली असते. कोणाचं किती, हे इथे बसून कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, नसांच्या वहनाची तपासणी आणि ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेची तपासणी, करून घ्या. डिस्चार्जचे कागद आणि फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं लेबल मिळालं तर सोबत घ्या. मधुमेह, ब जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्यात दबलेली नस ही कारणंही असू शकतात, ती आधी बाजूला काढावी लागतात. ॲट्रोपिन किंवा पॅम आता द्या म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका. पॅम म्हणजे एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवणारं इंजेक्शन, त्याचा उपयोग सुरुवातीलाच. फवारणीचं औषध एन्झाइमला एकदा पक्कं चिकटलं की ते सुटत नाही, आणि काही कीटकनाशकं तर काही तासांतच पक्की चिकटतात.

व्यायामाचं विचारलंत. घाम काढणारे, दमवणारे नकोत. घोटा ताठरू नये म्हणून रोज ताणायचा, पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट मिळतो तो लावायचा, बाकी फिजिओथेरपिस्ट सांगेल तसं. आणि "जोर लावा" असं कोणी त्यांना म्हणत असेल तर त्याला आधी खोलीबाहेर काढा. जोर ते लावतायतच.

फवारणीला इतक्यात पाठवू नका. रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं एन्झाइम दिवसाला जेमतेम 1 टक्क्यानं भरून येतं, कारण नव्या पेशी तयार होतील तसंच ते येतं. तीनचार महिने धरून चाला. भिजलेला चामड्याचा पट्टा, बूट असतील तर फेकून द्या, धुऊन जात नाही. मी पट्टा ठेवला होता, सिस्टरनं फेकायला लावला.

मी डॉक्टर नाही, हे वर लिहायला हवं होतं. आणखी एक राहिलं. त्या दुपारी माझे कपडे काढून, साबण लावून डोक्यापासून धुऊन, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचवलं ते दादानंच. त्यानं उशीर केला असता तर तिसरा दिवस उजाडलाच नसता. ते मी कार्यात कधी सांगत नाही, तो सांगतो.

वडिलांना भिंतीला धरून टाचांवर दोन पावलं टाकता येतात का बघा, शेजारी उभं राहून. येत नसतील तर न्यूरॉलॉजिस्टची वेळ याच आठवड्यात घ्या. गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर वेळही घेऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.