गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करून बघा

जुन्या गाडीच्या गिअरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमची २००६ ची मारुती ८०० आहे. सिग्नलला पहिला गिअर पडतच नाही, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. मेस्त्री म्हणतात गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू का? – नाशिक

थांबा, इतक्यात नको. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवरच अडतात, असं असेल तर दुखणं बहुधा क्लचचं आहे. पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतच राहतं. मग उभ्या गाडीत पहिला गिअर पडणार कसा?

खात्री करायची असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, पाचेक सेकंद थांबा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचा वेग जुळवून घेणारा भाग, नसतो, त्यामुळे शाफ्ट जरा जरी फिरत असला तरी आवाज होतो. थांबूनही खर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही. आवाज आलाच नाही, तर आजवर रिव्हर्स घाईत पडत होता, एवढंच.

८०० चा क्लच केबलवर चालतो. सगळ्यात आधी पायाखालची मॅट बघा. जाड मॅट पेडलखाली सरकली की पेडल तळाला टेकतच नाही, आणि हे कुणी बघत नाही. मग पेडल हाताने दाबा. सुरुवातीला साधारण दोन सेंटीमीटर ते मोकळं जायला हवं. त्याहून बरंच जास्त जात असेल तर गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट फिरवून केबल ताणून घ्या. पण मोकळी चाल अजिबात उरणार नाही इतकी ताणू नका, नाहीतर क्लच प्लेट घसरून जळेल. केबलच्या तारा सुटलेल्या दिसल्या तर केबलच बदला. एवढं करूनही फरक पडला नाही, तरच गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बघायची.

माझ्या गाडीला क्लच केबल नाही, तेलावरचा क्लच आहे. पेडल दोन-तीनदा पंप केलं की गिअर नीट पडतो. – कोल्हापूर

पंप केल्यावर सुधारतं म्हणजे लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. डबीतलं तेल कमी झालंय का ते बघा. पेडलच्या वरचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर ओला दिसतो का तेही बघा. गळणारा भाग बदलून लाइनमधली हवा काढून घ्या. नुसतं तेल भरत राहिलात तर एक दिवस भर रहदारीत पेडल खालीच राहील.

थंडीत सकाळी दुसरा गिअर जड जातो, दहा-पंधरा मिनिटांनी ठीक होतो. गॅरेजवाले जाड ऑइल भरू म्हणतात. – सातारा

कृपा करून भरू नका. गार ऑइल आधीच घट्ट असतं, म्हणून तर गिअर जड जातोय. जाड ऑइलने सकाळचा त्रास वाढेल. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला नंबर आणि ग्रेड बघा. बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांना ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं. इथे एका गोष्टीवर मी आग्रही आहे: पुस्तकात जीएल-४ असेल तर दुकानदाराने 'वरचं आहे' म्हणून दिलेलं जीएल-५ घेऊ नका. सिंक्रोनायझरची पितळी रिंग घर्षणानेच गिअरचा वेग जुळवते. जीएल-५ मधली रसायनं ते घर्षण कमी करतात, काही वेळा पितळही खातात. ऑइल बदलूनही गरम गाडीत दुसरा गिअर करकरत राहिला तर रिंग झिजली आहे. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

गाडी पावसाळाभर गावी बंद होती. आता क्लच दाबूनही एकही गिअर पडत नाही. – सावंतवाडी

दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, गंजून चिकटली असावी. बंद इंजिनवर गिअर पडत असतील तर हेच कारण धरा. प्लेट पुष्कळदा गॅरेजमध्ये न उघडताच सुटते, पण त्यासाठी गाडी गिअरमध्ये ठेवून सुरू करावी लागते आणि ती लगेच पुढे झेपावते. त्यामुळे हा प्रयोग अंगणात एकट्याने करू नका, मोकळ्या मैदानात जाणकार मेस्त्रीकडूनच करून घ्या.

गिअरची दांडी सैल झाली आहे. तिसरा टाकायला जावं तर पहिला पडतो. – सोलापूर

खर्च सगळ्यात कमी तुमचाच दिसतोय. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या लिंकेजमधले बुश, म्हणजे सांध्यांतल्या छोट्या कड्या, झिजले की दांडी अशी भरकटते. गाडी रॅम्पवर चढवा, एकाला आत बसून दांडी हलवायला सांगा आणि खालून बघा. दांडी हलते पण रॉड उशिरा हलतो, ती जागा सापडली की तिथला बुश बदला. गिअरबॉक्सला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलं असेल तरी हेच होतं, तेही त्याच वेळी बघून घ्या.