लॉगच्या ओळी जातात कुठे?

प्रश्न : आमचं जँगोचं (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचं) ॲप लॅपटॉपवर ‘रनसर्व्हर’नं, म्हणजे जँगोच्या चाचणीपुरत्या सर्व्हरनं, चालवलं की टर्मिनलवर सगळं दिसतं : प्रत्येक रिक्वेस्टची ओळ, माझे प्रिंट, एररचा ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळीत आली त्याचा माग). तेच डॉकर कंटेनरमध्ये गनिकॉर्न या खऱ्या वापराच्या सर्व्हरवर चढवलं की ‘डॉकर लॉग्ज’मध्ये फक्त वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) सुरू झाल्याच्या ओळी. पान 500 (सर्व्हरची एरर) देतं, तरी लॉगमध्ये चकार शब्द नाही. लॉगची लेव्हल ‘डिबग’ केली, फरक पडला नाही. काय चुकतंय?

उत्तर : लेव्हल होती तिथे ठेवा, तिचा यात हात नाही. तुमच्या तीन प्रकारच्या ओळी तीन वेगळ्या कारणांनी गायब आहेत. म्हणून एक उपाय करून काही हललं नाही की माणूस चक्रावतो.

ट्रेसबॅकचं आधी, कारण खरी अडचण तीच. जँगोच्या मूळ लॉगिंगमध्ये कन्सोलच्या हँडलरला (ओळ कुठे पाठवायची ते ठरवणाऱ्या भागाला) एक फिल्टर आहे : जँगोचं ‘डिबग’ सेटिंग (लॉगची लेव्हल नव्हे) ट्रू असेल तरच ओळ पुढे सोडायची. सर्व्हरवर ते फॉल्स असतं (आणि असायलाच हवं, लॉग दिसावा म्हणून ट्रू करू नका). मग 500 ची एरर फक्त ‘ॲडमिन्स’मधल्या पत्त्यांवर मेलनं जाते. ती यादी बहुतेकांची रिकामीच असते. म्हणजे एरर नोंदली जाते, पण पोचत कुणालाच नाही. सेटिंग्जच्या ‘लॉगिंग’मध्ये स्वतःचा स्ट्रीमहँडलर (ओळी कन्सोलवर सोडणारा) लिहा आणि तो रूट लॉगरला, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या लॉगरला, जोडा. तिथेच ‘डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स’ फॉल्स करायला विसरू नका. काही लिहिलं नाही तर ते ट्रू धरलं जातं आणि जँगोचे आधीचे लॉगर मुके होतात. ओळी फाइलमध्ये लिहिणाऱ्या फाइलहँडलरच्या नादी लागू नका. कंटेनर नव्यानं उभा केला की आतली फाइल गेली.

प्रिंटचं दुखणं बफरचं, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याचं. समोर टर्मिनल नसलं की पायथन स्टँडर्ड आउटपुट साठवून ठेवतो आणि बफर भरला की एकदम सोडतो. मेमरी संपून कर्नलनं वर्कर मारला, तर साठलेलं त्याच्याबरोबर जातं, आणि नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात! डॉकरफाइलमध्ये ‘पायथनअनबफर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा.

रिक्वेस्टच्या ओळी ‘रनसर्व्हर’ आपणहून छापतो, गनिकॉर्न सांगितल्याशिवाय छापत नाही. ‘ॲक्सेस-लॉगफाइल’ या पर्यायाला नुसती एक आडवी रेघ (हायफन) द्या.

इमेज पुन्हा बिल्ड करा, एका तात्पुरत्या व्ह्यूमध्ये मुद्दाम एक्सेप्शन टाका आणि ते पान उघडा. तरीही ट्रेसबॅक आला नाही, तर कंटेनरमध्ये शिरून ‘जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणत्या सेटिंग्जच्या फाइलकडे बोट दाखवतंय ते बघा. लोक एक फाइल दुरुस्त करतात आणि सर्व्हर दुसरीच वाचत असतो.