पाणी उकळून प्यायलं तर त्यातलं नायट्रेट, आर्सेनिक निघून जातं का?

नाही, उलट प्रमाण थोडं वाढतंच. उकळल्याने जंतू मरतात पण विरघळलेलं केमिकल भांड्यातच राहतं, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, म्हणजे एक लिटरमध्ये ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि उकळून पाऊण लिटर उरलं तर तेच लिटरला ५३ च्या आसपास होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ५०. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर अशा पाण्यात कालवत असाल तर आजच थांबवा.

आर्सेनिकची मर्यादा तर लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम, त्याला ना रंग ना वास, आणि टीडीएस मीटरवर (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारा, लोक उगाच मिरवतात तो) एवढंसं काही कळत नाही, म्हणून आधी लॅबमध्ये नेमकं तेच तपासून घ्या मगच फिल्टर बघा. दोन्हीसाठी आरओ चालतो, साधा कार्बन फिल्टर नाही. बसवल्यावर परत एकदा टेस्ट करा, आर्सेनिकचा एक प्रकार आरओमधूनही बऱ्यापैकी निसटतो.

फक्त क्लोरोफॉर्मसारखी उडून जाणारी केमिकल्स उकळल्यावर खरंच बरीच कमी होतात, तेवढा अपवाद.