वाचकांचे प्रश्न : वादक बदलले, तरी बँड तोच कसा?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. माझे वडील माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले असल्यामुळे घरात ख्यालगायकीच ऐकू येई. मी मात्र कॉलेजात असताना ‘डीप पर्पल’ आणि ‘पिंक फ्लॉइड’ या रॉक बँडच्या कॅसेट मित्रांकडून भरून आणत असे. आता माझा एकोणीस वर्षांचा मुलगा तेच बँड मोबाइलवर ऐकतो. वडील विचारतात, “ज्याचे निम्मे वादक निघून गेले, त्या बँडला जुन्याच नावाने कसे ओळखायचे?” हे बँड इतकी वर्षे टिकले कसे? की ही सारी जाहिरातीची किमया आहे?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या वडिलांचा प्रश्न अधिक अवघड आहे, म्हणून आधी तोच घेतो. ग्वाल्हेरचे ख्यालगायक हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि पुढे विष्णू दिगंबर पलुस्करांकडे गेली. गाणारे बदलले, गावे बदलली, तरी घराणे ग्वाल्हेरचेच म्हटले गेले. बँडचेही तसेच आहे. १९६८ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ‘डीप पर्पल’ १९७६ मध्ये फुटला, १९८४ मध्ये पुन्हा जमला, आणि त्याच्या प्रत्येक संचात असलेला वादक एकच आहे, तो म्हणजे ड्रमवादक इयान पेस. फरक आहे तो तालमीचा. घराण्यात गुरू शिष्याला वर्षानुवर्षे समोर बसवतो. बँडमध्ये येणारा नवा गिटारवादक मात्र बहुधा ध्वनिमुद्रिका ऐकूनच तयार झालेला असतो, आणि समोरचा श्रोताही तीच ध्वनिमुद्रिका कानात साठवून आलेला असल्यामुळे एखादी ओळखीची सुरावट जरा इकडची तिकडे झाली तरी ती त्याला खटकते. त्या अर्थाने बँडचा खरा गुरू ध्वनिमुद्रिका हाच होय.

मात्र बँड टिकणे आणि त्याची गाणी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला; नवा गायक ब्रायन जॉन्सन याला घेऊन त्यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम आणला, आणि तो त्यांचा सर्वाधिक खपाचा ठरला. त्याच वर्षी ‘लेड झेपलिन’चा ड्रमवादक जॉन बॉनम गेला, तेव्हा उरलेल्या तिघांनी बँडच थांबवला. त्यांची गाणी आजही तितक्याच आवडीने ऐकली जातात. मला स्वतःला हा दुसरा निर्णय अधिक सुसंस्कृत वाटतो, पण पहिल्याला मी व्यापार म्हणून हिणवणार नाही.

जाहिरातीचा वाटा अर्थातच आहे. सीडी आल्यावर लोकांनी घरात असलेलेच अल्बम पुन्हा विकत घेतले; अमेरिकेत १९८० च्या दशकात केवळ ‘क्लासिक रॉक’, म्हणजे जुनी गाजलेली रॉक गाणी, वाजवणारी रेडिओ केंद्रे निघाली; ‘क्वीन’ या बँडचे १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटामुळे अमेरिकेत पुन्हा वरच्या क्रमांकांवर गेले आणि २०१८ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटाने ते आणखी एका पिढीपर्यंत पोहोचवले. (‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा, हे आपल्या वडिलांना सांगून पाहावे, विरोध थोडा मवाळ होईल.) तथापि जाहिरात एखादे गाणे एकदा ऐकवू शकते, शंभरदा नाही. ‘पिंक फ्लॉइड’चा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९८८ पर्यंत अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बमांच्या यादीत सातशेहून अधिक आठवडे होता. असा खप तेच ते पुन्हा ऐकावेसे वाटल्याशिवाय होत नाही. त्याच काळातले कितीतरी बँड पुरते विस्मरणात गेले, हेही लक्षात ठेवावे, कारण आपण मोजतो ते उरलेल्यांनाच.

आपल्या घरापुरता एक प्रयोग सुचवतो. ‘डीप पर्पल’चे ‘स्पेस ट्रकिन’ हे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले गाणे साडेचार मिनिटांचे आहे. ऑगस्ट १९७२ मधील जपानच्या मैफलींवरून निघालेल्या ‘मेड इन जपान’ या अल्बममध्ये तेच सुमारे वीस मिनिटे चालते. मुलाने आधी पहिले लावावे, मग दुसरे, आणि आजोबांना एवढेच विचारावे की बंदिश कुठे संपली आणि विस्तार कुठे सुरू झाला.