वाचते घडाघडा, पण विचारत काहीच नाही

तिसरीतल्या एका मुलीची आई आली होती माझ्याकडे. म्हणाली, मॅडम, वाचते घडाघडा, जोडाक्षरांनाही अडत नाही, पण काय वाचलंस विचारलं की नुसती बघत बसते आणि स्वतःहून तर एक प्रश्न विचारत नाही, हिला कळतं तरी का? हे टेन्शन घेऊन खूप आया येतात.

मी म्हटलं, ताई, घरी वाचता तसंच इथे वाचा. काऊचिऊची गोष्ट होती. आईने पान उलटायच्या आधी धडाधड तीन प्रश्न विचारले, कुणाचं घर वाहून गेलं, कशाचं होतं, चिमणी काय म्हणाली. पोरगी उत्तर देताना पुस्तकाकडे बघतच नव्हती, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून. तिच्यासाठी प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेचा पेपर मुलं थोडीच काढतात!

मग मी वाचायला घेतलं, मध्येच थांबून म्हटलं, एवढ्या पावसात बिचारा दार वाजवतोय आणि ही म्हणते थांब, बाळाला तीट लावते, खरंच कामात होती का मुद्दाम? आणि गप्प बसले. आई बोलायला लागली, तिला खुणेनेच थांबवलं. बराच वेळ गेला. मग मुलगी हळूच म्हणाली, "मेणाचं घर उन्हाळ्यात वितळलं असेल ना? मग चिऊ कुणाकडे गेली?" इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही.

अमेरिकेत पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोघी संशोधकांनी 1984 साली सातवीच्या मुलांसोबतचं काम मांडलं होतं, वाचता यायचं पण समजायचं नाही अशी मुलं. त्यात आधी शिक्षक मोठ्याने विचार करून दाखवायचे, मग आळीपाळीने मुलंच शिक्षक होऊन प्रश्न विचारायची. मी या आईला घरी एवढंच करायला सांगितलं, एक पान आई विचारेल, एक पान लेक, आणि आईने ज्याचं उत्तर स्वतःला माहीत नाही तेच विचारायचं. लेकीने विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, "तुला काय वाटतं" म्हणायचं आणि खरंच थांबायचं. स्पीड कमी होईल, होऊ दे.

पहिला आठवडा नुसतं "या शब्दाचा अर्थ काय" चाललं होतं. आई हिरमुसली, मी म्हटलं अहो तोही प्रश्नच आहे, अडलंय हे तिला कळायला लागलंय.

महिन्याने मुलगी पुस्तक घेऊन आली, कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलेली, त्यातलं एक खोडलेलं. हे का खोडलंस विचारलं तर म्हणाली, त्याचं उत्तर पुढच्या पानावर सापडलं.