उबुंटूवरून डेबियनवर: सोर्सेस लिस्ट बदलून भागत नाही

तुमचा प्रश्न असा: मशीनवर उबुंटू २४.०४ ही डिस्ट्रो (लिनक्सवर बांधलेली ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या वेगळ्या पॅकेज प्रकाराचा, कंटाळा आलाय, डेबियन १३ या दुसऱ्या डिस्ट्रोवर जायचंय. दोन्हीकडे डेब पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे), दोन्हीकडे ती बसवणारं एपीटी. मग सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत, उबुंटूच्या जागी डेबियनचे पत्ते टाकून फुल-अपग्रेड (सगळी पॅकेजेस एकदम बदलणारी कमांड) मारला तर चालेल का?

कृपया करू नका. मी काही वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं, त्यामुळे पुढे काय होतं ते सविस्तर सांगतो.

उबुंटू २००४ साली डेबियनमधूनच निघालं आणि आजही बरीचशी पॅकेजेस तिथूनच घेतं, हे खरं. पण ती जशीच्या तशी ठेवत नाही. सोर्स घेतं, आपल्या लायब्ररींवर नव्याने बिल्ड करतं, आणि जिथे स्वतःचे बदल असतील तिथे आवृत्तीच्या शेपटाला 'उबुंटू' जोडतं. म्हणजे डेबियनमध्ये जे '१.२-१' असतं ते उबुंटूत '१.२-१उबुंटू१' होतं. एपीटीच्या हिशेबात हे शेपूटवालं पॅकेज मोठं, म्हणजे नवीन. त्यामुळे पत्ते बदलून अपग्रेड मारलात की, डेबियनकडे त्याहून नवी आवृत्ती नसेल तर, अशी पॅकेजेस जागची हलत नाहीत, आणि बाकीची बदलतात. अर्धं घर एकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

फायरफॉक्सचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. उबुंटूतलं 'फायरफॉक्स' नावाचं डेब पॅकेज हे नुसतं टरफल आहे. ते स्नॅप आणून बसवतं. त्याची आवृत्ती '१:१स्नॅप१' अशी सुरू होते. कोलनच्या आधीचा आकडा एपीटी सगळ्यात आधी बघतं, आणि तो नसेल तर शून्य धरतं. त्यामुळे खऱ्याखुऱ्या फायरफॉक्सची आवृत्ती १४० असो की २००, एपीटीच्या लेखी हे टरफलच वरचढ.

मी तेव्हा जबरदस्ती केली. पिनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या स्रोताला प्राधान्य द्यायचं ते ठरवणाऱ्या एपीटीच्या सेटिंगमध्ये, डेबियनला १००१ प्रायॉरिटी दिली. हजाराच्या वर आकडा असला की एपीटी पॅकेज खालच्या आवृत्तीवरही आणतं. शेकडो पॅकेजेसची डाउनग्रेड यादी समोर आली, मी 'हो' म्हटलं, आणि मध्येच एका पॅकेजची स्क्रिप्ट अडली. ती अडल्याने तिच्यावर अवलंबून असलेली बाकीचीही अर्धवट राहिली. रीबूट केल्यावर काळा स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून डेटा बाहेर काढावा लागला. कारण साधं आहे: पॅकेजच्या स्क्रिप्ट कॉन्फिगरेशन जुन्यावरून नव्यावर न्यायला लिहिलेल्या असतात. उलटा प्रवास कुणी तपासलेलाच नसतो.

'पण सेंटओएस या डिस्ट्रोवरून लोक जागच्या जागी गेले ना?' हो, गेले. २०२१ च्या डिसेंबरअखेर सेंटओएस ८ बंद झालं तेव्हा कित्येकांनी एक स्क्रिप्ट चालवून अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स गाठलं. ते जमलं, कारण ही तिन्ही तेव्हा रेड हॅटच्या एकाच डिस्ट्रोची पुनर्बांधणी होती. तीच पॅकेजेस, त्याच आवृत्त्या. म्हणून डिस्ट्रो बदलताना मी नातं विचारत नाही, पॅकेजेस कुठून येतात ते विचारतो. मांजारो आणि एंडेव्हरओएस दोन्ही आर्च या डिस्ट्रोचीच म्हणवतात, पण एंडेव्हर थेट आर्चचे रेपो (पॅकेजेसचे साठे) वापरतं आणि मांजारो पॅकेजेस स्वतःच्या रेपोत काही काळ थांबवून मग सोडतं. फरक तिथे आहे.

तेव्हा नव्याने इन्स्टॉल करा. आधी 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'चं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या, म्हणजे काय काय टाकलं होतं ते कळेल. ही यादी डोळ्यांनी वाचायची, तशीच्या तशी डेबियनला खायला घालायची नाही. इटीसी फोल्डरची (सिस्टिमच्या सेटिंग्ज तिथे असतात) प्रत संदर्भाला ठेवा, पण नव्या सिस्टिमवर ओतू नका. होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) असेल तर मॅन्युअल पार्टिशनिंगमध्ये तिला 'फॉरमॅट करू नका' हा पर्याय दिलाय ना, दोनदा बघा. बॅकअप त्याआधीच झालेला हवा. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइली सुट्या कॉपी करू नका, टार करून, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधून, ठेवा. एक्सफॅटवर परमिशन टिकत नाहीत, आणि परत आणलेली एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सोय) खासगी की सगळ्यांना वाचता येतेय असं दिसलं की एसएसएच ती वापरायला नकार देतं.

आता फायरफॉक्स, कारण इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. तुमचे बुकमार्क होममधल्या '.मोझिला'त नाहीत. स्नॅप असल्याने ते 'स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन'च्या आत, तिथल्या '.मोझिला'त आहेत. होममधल्या 'स्नॅप' फोल्डरचा काय उपयोग म्हणून तो उडवणारे लोक मी पाहिलेत. शिवाय डेबियन देतं ईएसआर, म्हणजे फायरफॉक्सची दीर्घ सपोर्टवाली आणि स्नॅपपेक्षा बहुधा जुनी आवृत्ती, आणि नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडत नाही. त्यामुळे एकतर बुकमार्क आणि पासवर्ड आधीच एक्सपोर्ट करा, नाहीतर डेबियनवर मोझिलाचा स्वतःचा एपीटी रेपो जोडून चालू आवृत्ती घ्या. मी दुसरं करतो.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्ड विचारतात. तो रिकामा सोडा, म्हणजे तुमच्या युजरला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) मिळेल. भरलात तर सुडो तुम्हाला ओळखणार नाही आणि उबुंटूची सवय असलेला माणूस पहिल्याच कमांडला गोंधळतो. पीपीए, म्हणजे लोकांनी चालवलेले बाहेरचे रेपो, मात्र विसरा. ते उबुंटूसाठी बांधलेले असतात, डेबियनवर टाकले की पुन्हा तीच खिचडी.

एक प्रामाणिक प्रश्न: तक्रार फक्त स्नॅपची आहे का? तसं असेल तर मिंट २२ ही डिस्ट्रो बघाच. त्याचा पाया तुमचाच २४.०४ आहे, स्नॅप मुळातच अडवलेलं आहे, पीपीए बहुतेक चालतात, सपोर्टही २०२९ पर्यंत. तिथेही इन्स्टॉल नव्यानेच करायचं. बाहेरचे रेपो जोडताना एकच लक्षात ठेवा: डॉकरसारख्यांना उबुंटूचं सांकेतिक नाव, म्हणजे 'नोबल', द्यावं लागतं. मिंटचं स्वतःचं नाव गेलं की ४०४, म्हणजे पत्ता सापडत नसल्याचा एरर, येतो.

तुम्ही लिहिलंय की मशीनवर एनव्हिडियाचं कार्ड आहे. डेबियन निवडलंत तर उबुंटूचं ड्रायव्हर शोधून देणारं टूल तिथे नाही; नॉन-फ्री रेपो चालू करून ड्रायव्हर स्वतः टाकावा लागेल. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का आणि कार्डाचं मॉडेल कोणतं, एवढं कळवा. त्याच्या पायऱ्या वेगळ्या लिहून देतो.