रिंगेबूच्या पाद्रीनिवासात चित्रे मांडण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नॉर्वेतल्या रिंगेबू गावच्या जुन्या पाद्रीनिवासातील उन्हाळी प्रदर्शनासाठी तू चित्रे देणार असल्याचे वाचून आनंद झाला. सोबतची यादीही पाहिली. चित्रे चांगलीच आहेत; माझी हरकत आहे ती त्यांच्या आकाराला आणि संख्येला. शहरातल्या दालनाच्या पांढऱ्या, सपाट भिंती डोळ्यांसमोर ठेवून ती निवडलेली दिसतात आणि हे घर तसे नाही.

गुडब्रान्सडाल खोऱ्यातली ही लाकडी वास्तू १७४३ सालची आहे. त्या काळी नॉर्वेतला पाद्री हा राजाने नेमलेला अधिकारी असे आणि त्याचे निवासस्थान म्हणजे गोठा, कोठार व गडीमाणसांसह चालणारी शेतीवाडीच असे. अशा घरातल्या खोल्या संसारासाठी बांधलेल्या असतात आणि खिडक्या-दारांनी तुटलेल्या भिंतींवर सलग जागा थोडीच उरते. सहा फुटी कॅनव्हास तेथे लावणे म्हणजे माजघरात गावजेवणाची पंगत बसवणे. पाहणाऱ्याला दोन पावले मागे सरायलाही वाव राहणार नाही. दहा-बारा लहान चित्रे पुरेत, आणि एखादी भिंत रिकामी राहिली तर राहू दे.

याकोब वाइडेमान यांच्या चित्रांचा संग्रह येथे आहे, तो आधी सावकाश पाहा. १९२३ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराची एका डोळ्याची दृष्टी महायुद्धाच्या काळात स्फोटात गेली; तरीही जंगलाच्या जमिनीवरचे शेवाळ, कुजलेली पाने आणि त्यांवर पडलेले ऊन यांतून त्यांनी रंगांचे जाड थर उभे केले. त्यांची अमूर्त चित्रे खिडकीबाहेरच्या झाडीशी भांडत नाहीत. तुझ्या यादीतली निळी मालिका भांडेल, असे मला वाटते. मातकट रंगांची चित्रे मात्र तू उगीच मागे ठेवली आहेस.

प्रकाशाबाबत विशेष सावध राहा. जूनमध्ये तेथे रात्री दहानंतरही ऊन असते आणि कललेला सूर्य खोलीत आतपर्यंत पोहोचतो. सकाळी सावलीत असलेल्या भिंतीवर संध्याकाळी थेट ऊन येऊ शकते, म्हणून खोल्या दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय जागा ठरवू नकोस. जलरंगांसाठी पन्नास लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा संग्रहालये पाळतात. खिडकीलगत ती केव्हाच ओलांडली जाते. जलरंग आतल्या भिंतीवर लाव किंवा घरीच ठेव. जुन्या लाकडात परवानगीवाचून एकही खिळा ठोकायचा नाही, हे तुला सांगायला नकोच. टांगण्याची सोय काय आहे ते विचारून त्याप्रमाणे चौकटींचे वजन ठरव.

येणाऱ्यांपैकी बरेच जण जवळचे, सुमारे १२२० सालचे स्टेव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर उभारलेले मध्ययुगीन चर्च, पाहून इकडे वळतील. नॉर्वेत अशी अठ्ठावीसच उरली आहेत, तेव्हा त्यांचे मुख्य आकर्षण तेच असणार, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. चित्राशेजारी चार ओळींचे साधे टिपण ठेव. तुझे दोन पानी निवेदन कोणी उभ्याउभ्या वाचणार नाही.

ओस्लोहून डोव्रे रेल्वेमार्गाची गाडी थेट रिंगेबूला थांबते, त्यामुळे आधी एकदा जाऊन येणे अवघड नाही. सोबत मोजपट्टी ने. प्रत्येक भिंतीची लांबी, खिडक्यांच्या जागा व दिशा यांचा कच्चा आराखडा मला पाठव. अंतिम निवड त्यानंतर करू.

तुझा हितचिंतक